खंडेनवमीचं बटन

चालू हत्याराची पूजा करायची नसते, हे कमलम्माला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचे यजमान धोंडप्पा होते तेव्हा लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला आधी गिरणीचा पट्टा उतरायचा, मेन स्विच बंद व्हायचा, आणि मगच यंत्राच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली जायची. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस निजू द्यावं, तिच्या पाया पडावं आणि दसऱ्याला सकाळी उठवावं, यात न समजण्यासारखं काय आहे? धोंडप्पा गेले, गिरणी विकली गेली, तरी कमलम्माचा नेम चुकला नाही. शिलाई मशीन, मिक्सर, मुलाची, म्हणजे मल्लेशची मोटारसायकल, घरातली कात्री, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. खलबत्त्याला मात्र सुट्टी नसे, कारण मिक्सर निजल्यावर चटणी कुटायची कशात? हा भेदभाव का, असं घरात कुणी मोठ्यानं विचारत नसे.

यंदा तिला संध्याकाळी मठात जायचं होतं, म्हणून तिनं पूजा भर दुपारीच उरकायला घेतली. ताट घेऊन मधल्या खोलीत गेली तर सुनेचा कॉम्प्युटर चालूच. सून, अंजू, झेंडू आणायला बाजारात गेलेली. पडद्यावर नुसता काळोख, त्यात इंग्रजीच्या दोन ओळी आणि खाली एक पांढरी रेघ, हळूहळू पुढं सरकणारी. कमलम्माला इंग्रजी येत नव्हतं, आणि आलं असतं तरी सणाच्या दिवशी ती कुणाचं ऐकून घेत नसे. ती खोक्यावरची धूळ पुसत होती तेवढ्यात रेघ टोकाला टेकली आणि यंत्र आपसूक बंद झालं. शहाणं आहे, असं ती मनाशी म्हणाली. विभूती ओली करून बोटं उचलते, तोच यंत्र घुरघुरत आपलं आपण उठलं आणि पांढरी रेघ पुन्हा पहिल्यापासून चालू लागली.

"असा हट्ट बरा न्हाई बाबा," तिनं त्याला समजावलं आणि भिंतीवरचं बटन बंद केलं.

मग तिनं रीतसर तीन बोटं ओढली, फूल वाहिलं, हात जोडले. अंजू परत आली तेव्हा खोक्यावर फूल होतं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायची सोय नव्हती. "आत्या, पूजेच्या वेळी हे बंद झालं होतं ना?" तिनं विचारलं. सासूला आत्या म्हणायची त्यांच्यात पद्धत. कमलम्मा म्हणाली, "हाव, बंद असल्याबिगर मी विभूती लावते काय?" आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी अंजूनं कॉम्प्युटर लावला. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. पडदा काळाच. अर्धा तास ती बटन दाबत राहिली, वायरी काढून घालत राहिली, आणि शेवटी जमिनीवर बसली. "काल अपडेट लावून गेले होते," ती मल्लेशला सांगत होती. "यंत्र सुरू होताना जे पहिलं वाचतं ना, तेच बदलायचं होतं. मधे बंद करायचं नसतं. काल दुपारी तासभर लाईट गेली होती म्हणे. तेव्हाच घोटाळा झाला."

स्वयंपाकघरात कमलम्माचा उलथणं धरलेला हात तव्यावरच थांबला. अपडेट म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मधे बंद करायचं नसतं, हे मात्र मराठीत होतं. पोळी करपली, तिनं ती स्वतःच्या ताटात घेतली.

त्या खोक्यात काय होतं, हे इथं सांगायला हवं, नाहीतर एवढा जीव टांगणीला का लागला ते कळायचं नाही. अंजू ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. दिवसा शाळेत, संध्याकाळी घरी. कुणाच्या कानामागं मशीन बसवलेलं, कुणाचं ऑपरेशन झालेलं. पण कानात आवाज पोचला म्हणजे तोंडातून शब्द येतो असं नाही, त्याला वर्षं लागतात. सहा वर्षं ती प्रत्येक मुलाचा आवाज दर आठवड्याला टिपून ठेवत आली होती. एकतीस मुलं. नुसत्या हुंकारापासून पहिल्या शब्दापर्यंत. कुणाचा पहिला शब्द म्हैस होता, कुणाचा टोपी. पहिला शब्द माणूस एकदाच बोलतो, तो पुन्हा बोलून घेता येत नाही. हे आवाज इंटरनेटवर कुठंही जाणार नाहीत, असा तिनं आईबापांना शब्द दिला होता, म्हणून सगळं त्या एका खोक्यात. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर होती खरी, पण तीही त्याच खोक्यात, आणि दोन्ही डिस्कवर एकच आकड्यांचं कुलूप. ज्यानं यंत्र जोडून दिलं त्यानं परस्पर ते कुलूप घालून दिलं होतं. त्याची एक लांबलचक आकड्यांची किल्ली कागदावर लिहून ठेवायची असते, हे सांगायचं तो विसरला, आणि आता दुकान गुंडाळून कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

लातुरातल्या दोन दुकानांत दाखवून झालं. पहिला म्हणाला, आतलं मदरबोर्ड मेलं, नवं टाकू, डिस्क कोरी करून देतो, एकदम नव्यासारखं. अंजू खोकं उचलून बाहेर आली. दुसरा जरा समजूतदार निघाला. त्यानं डिस्क काढून आपल्या यंत्राला लावून पाहिली, आकड्यांची किल्ली मागणारा निळा पडदा पाहिला आणि डिस्क जशीच्या तशी परत बसवली. "ताई, या कुलपाची किल्ली तुमच्या बोर्डातच हाय," तो म्हणाला. "बोर्ड जिवंत झालं तर उघडेल, न्हाई तर न्हाई. मी यात हात घालत न्हाई, तुमीबी कुनाला घालू देऊ नका. नांदेडात सौदामिनी म्हणून एक बाई हायत. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. त्यांनी न्हाई म्हनलं तर मग रडा."

मल्लेशला दुकान सोडता येईना. कमलम्मा म्हणाली, "मी येते." गुडघे दुखतात, तीन-साडेतीन तासांचा प्रवास, असलं काहीबाही मल्लेश बोलला, पण ती आधीच लुगडं बदलून उभी होती.

एसटीत खोकं वाकळीत गुंडाळून तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं, अंजूला घेऊ दिलं नाही. चाकूरला तिला वाटलं, आता सांगून टाकावं. अहमदपूरला वाटलं, लोक चढून राहिलेत, गर्दीत कशाला. लोह्याला अंजूनं पिशवीतून धपाटं काढून तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, खा थोडं. तुमच्या गोळ्या घ्यायच्यात." त्या धपाट्यावर काय बोलणार? सत्य सांगायला समोरचं माणूस आधी दुष्ट असावं लागतं, सून असं वागायला लागली तर सगळंच अवघड होऊन बसतं. नांदेड आलं.

सौदामिनीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तीस-बत्तिशीची बाई, केस वर गुंडाळलेले, कपाळावर भिंग लावलेलं. भिंतीला लागून मोठं टेबल आणि त्यावर यंत्रांची आतडी. तिनं वाकळ सोडली, खोक्यावरची वाळलेली विभूती पाहिली, आणि ती न पुसता बाजूचं झाकण काढलं. कमलम्माला ती तिथंच आवडली.

"काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा," सौदामिनी म्हणाली. अंजूनं सांगितलं. लाईट गेल्याचंही सांगितलं. सौदामिनीनं वायर जोडून बटन दाबलं आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. पंखा फिरला, थांबला, फिरला. "ना बीप, ना दिवा," ती म्हणाली. तिनं मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकच घातली, ती दुसऱ्या खाचेत घातली, पुन्हा ऐकलं. मग एका पेनड्राइव्हवर काहीतरी उतरवून तो मागं खोचला, कारण काही बोर्डं अर्धमेली झाली तरी तेवढं वाचून स्वतःला सावरतात. बोर्डावरचा एक दिवा चारदा लुकलुकला आणि विझला. "सावरायचं कसं, तेही पुसलं गेलंय," ती म्हणाली. अंजूचा चेहरा उतरला तेव्हा तिनं घाईनं पुढं म्हटलं, "थांबा, अजून काहीच झालं नाही. इकडं या मावशी, तुम्ही पण या. हे बघा."

तिनं भिंग कमलम्माच्या डोळ्यापुढं धरलं. बोर्डाच्या एका कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा एक काळा तुकडा होता, त्याला आठ पाय.

"बटन दाबलं ना, त्या क्षणी यंत्राला काहीही माहीत नसतं," सौदामिनी सांगू लागली. "आपल्याला पडदा आहे, कान आहेत, स्मरण आहे, काही नाही. पहिली गोष्ट ते इथं येतं. यात लिहिलेलं वाचतं आणि मग एकेक अवयव शोधत जातं. हा आहे का, आहे. तो आहे का, आहे. सगळे सापडले की एक बीप देतं, म्हणजे आलो म्हणतं. हे रोज होतं, तुम्हाला चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात होतं. हे वाचलं नाही तर पुढचं काहीच नाही."

कमलम्मा भिंगातून पाहत राहिली. पन्नास वर्षं ती पहाटे डोळे उघडायच्या आधी हात गळ्यातल्या लिंगाकडं नेत आली होती. तो हात कोण नेतं, हा विचार तिनं कधी केला नव्हता. डाळीएवढ्या तुकड्यात कुणीतरी उठायचं कसं ते लिहून ठेवलंय, आणि जगातली सगळी अशी यंत्रं रोज सकाळी ते वाचून उठतात, हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. आपण ताटात विभूती घेऊन कुणासमोर उभे होतो, ते तिला आत्ता कळत होतं.

सौदामिनीनं एक बारीक चिमटा त्या आठ पायांना लावला आणि त्याची वायर आपल्या यंत्राला जोडली. "आधी वाचायचं, मग लिहायचं," ती म्हणाली. "लिहायची घाई करणारे फार भेटतात." तिनं एकदा वाचलं, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि तिन्ही वाचनं एकमेकांशी ताडून पाहिली. मग पडदा त्यांच्याकडं वळवला.

आकडे आणि अक्षरं, ओळींवर ओळी. तिचं बोट चाकावर फिरत होतं आणि ओळी वर चढत होत्या, संपतच नव्हत्या. आणि मग एका ओळीच्या मधोमध त्या संपल्या. त्याच्यापुढं एकच अक्षर पुन्हा पुन्हा, ओळीमागून ओळ, शेवटपर्यंत.

"हे कोरं," सौदामिनी म्हणाली. "जुनं पुसून झालं होतं, नवं लिहिणं चाललं होतं. इथपर्यंत लिहिलं. आणि इथं," तिनं त्या ओळीवर नख टेकवलं, "इथं वीज गेली."

कमलम्मानं ती जागा पाहिली. सहासष्ट वर्षांत तिनं चांगलं-वाईट पुष्कळ केलं होतं, पण आपल्या हातानं नेमकं कुठं काय मोडलं, असं अक्षरापर्यंत बोट ठेवून कुणी दाखवलं नव्हतं. डावीकडचं अक्षर तिच्या हाताआधीचं होतं, उजवीकडचं तिच्या हातानंतरचं. ती स्टुलावर बसली.

"आता एक अडचण आहे," सौदामिनी अंजूला म्हणाली. "या चिपमध्ये दोन भाग आहेत. एकात उठायची शिकवण. तो मोडलाय, तो मी लिहून देते, ते काही अवघड नाही. दुसरा भाग सीलबंद आहे, त्यातच तुमच्या कुलपाची किल्ली आहे. तो मला वाचता येत नाही, कुणालाच येत नाही, आणि तो मी हलवणारही नाही. पण दोन्ही भाग एकाच वयाचे लागतात. सीलबंद भाग अजून जुना असेल तर मी जुनी शिकवण लिहायला पाहिजे. तोही अपडेटमध्ये बदलून झाला असेल तर नवी. चुकीची जोडी लावून उठवलं तर या बोर्डाला वाटतं कुणीतरी चोर घुसला, आणि ते किल्ली स्वतःच पुसून टाकतं. मग मी काय, कुणीच काही करू शकत नाही. एकच संधी आहे."

"मग ओळखायचं कसं?"

"पडद्यावर पाहिलं असतं तर कळलं असतं. घरी कुणी होतं का त्या वेळी?"

"कुणीच नव्हतं," अंजू म्हणाली. "मी बाजारात होते."

सौदामिनीनं थोडा विचार केला. "बहुतेक बोर्डांत आधी शिकवण बदलते, सीलबंद भाग नंतर. मी तर जुनी लिहीन. शंभरातल्या सत्तर वेळा तेच बरोबर निघतं. पण मुलांचे आवाज तुमचे आहेत, तुम्ही हो म्हणा."

अंजूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हात काढले आणि म्हणाली, "जुनी लिहा."

सौदामिनीचा हात की-बोर्डकडं गेला.

"थांब गं माय," कमलम्मा म्हणाली. "लाईट गेली नव्हती. म्हंजी गेली, पर नंतर गेली. बटन मी बंद केलं."

अंजू वळली. कमलम्मानं तिच्याकडं पाहिलं नाही, सौदामिनीकडंच पाहून बोलत राहिली, कारण अंजूकडं पाहिलं असतं तर शब्द तिथंच अडकले असते. "पूजा करायची व्हती. चालू हत्याराला विभूती लावत न्हाईत आमच्यात. मला काय ठाव, ते आतमधी लिहून राहिलंय म्हणून."

"आठ दिवस, आत्या," अंजू म्हणाली. एवढंच.

"हाव. आठ दिवस."

सौदामिनीनं दोघींच्या मधे शिरण्याचा शहाणपणा केला. तिनं स्टूल ओढलं आणि कमलम्मासमोर बसली. "मावशी, ते राहू द्या. तुम्ही पडद्यावर काय पाहिलं ते सांगा. घाई करू नका."

"पांढरी रेघ व्हती. सरकत व्हती."

"टोकापर्यंत गेली?"

"टोकाला टेकली. आन् मग यंत्र आपसूक निजलं. मी म्हनलं, बरं झालं."

सौदामिनी पुढं वाकली. "तुम्ही बटन दाबायच्या आधी निजलं? नीट आठवा."

"मी हातबी लावला नव्हता. फडकं व्हतं हातात."

"किती वेळ निजलं होतं?"

"पानाला चुना लावता येईल इतका येळ. मग घुरघुर करून आपलं आपन उठलं, आन् रेघ परत पहिल्यापासनं. मला वाटलं, सणाचं हट्ट करून राहिलंय. तवा बंद केलं."

"दुसऱ्यांदा रेघ कुठवर आली होती?"

कमलम्मानं डोळे मिटले. मग उठून सौदामिनीच्या पडद्यावर डाव्या कडेला तळवा आडवा टेकवला. "चार बोटं. आन् वर थोडी."

सौदामिनीनं ते माप पाहिलं, मग आपल्या पडद्यावरची ती ओळ पाहिली, जिथं लिहिणं थांबलं होतं, आणि कागदावर एक भागाकार केला. कागद दोनदा पाहिला. मग कपाळावरचं भिंग काढून ठेवलं.

"बरोबर जुळतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिली रेघ सीलबंद भागाची होती. ती पुरी झाली, म्हणून यंत्र स्वतः बंद होऊन उठलं. दुसरी रेघ शिकवणीची. ताई, सीलबंद भाग नवा झालेला आहे. मी जुनी लिहिली असती तर आत्ता दोन मिनिटांपूर्वी सगळं संपलं होतं." तिनं कमलम्माकडं पाहिलं. "मी दहा वर्षं हे काम करते मावशी. पडद्याकडं असं कुणी बघत नाही हो. लोक चहा प्यायला जातात."

अंजू खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. खाली गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रिक्षांची रांग लागली होती, ती पाहत.

नवी शिकवण लिहायला सहा मिनिटं लागली. मोडलेल्या ओळीच्या पुढचं कोरं भरत गेलं. सौदामिनीनं लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहिलं, चिमटा काढला, वायर लावली. "आता बटन दाबते," ती म्हणाली. "पहिल्यांदा उठताना याला फार वेळ लागतो, सगळे अवयव नव्यानं मोजावे लागतात. पडदा काळाच राहील. काही झालं तरी हात लावायचा नाही."

कमलम्मानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

पंखा फिरला. आणि थांबला नाही. फिरतच राहिला. पडदा काळा. एक मिनिट गेलं, दीड गेलं. अंजू खिडकीकडून टेबलाजवळ आली होती, ते तिला स्वतःलाही कळलं नसावं. त्या डाळीएवढ्या तुकड्यात आत्ता कुणीतरी अंधारात चाचपडत एकेक हातपाय शोधत होतं, आणि बाहेर तीन बायका श्वास धरून उभ्या होत्या. कमलम्मानं मनातल्या मनात त्याची माफी मागितली. यंत्राची माफी मागायला तिला काहीच वावगं वाटलं नाही, पूजा केली होती तर माफी का मागू नये? दोन मिनिटं गेली. मल्लेशच्या वेळी सुईणीनं त्याला उलटं धरलं होतं तेव्हाही एवढा वेळ लागला नव्हता.

बीप झालं. एकच, बारीक.

पडदा उजळला. यंत्रानं तक्रार केली, की आज तारीख काय हे त्याला आठवत नाही. सौदामिनीनं तारीख सांगितली. ते बंद झालं, उठलं, आणि या वेळी निळा पडदा आला नाही, आकड्यांची किल्ली कुणी मागितली नाही. अंजूनं आपला पासवर्ड घातला. समोर एकतीस नावं आली, एकाखाली एक.

"सगळी आहेत?" सौदामिनीनं विचारलं.

अंजूनं मान हलवली. मग एका नावावर बाण नेला आणि थांबली. रुद्राणी. औशाची मुलगी. तीन वर्षांची असल्यापासून यायची, आणि चार वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. अंजूनं मागं वळून सासूकडं पाहिलं, त्या दुपारी पहिल्यांदाच, आणि दाबलं.

आधी खोलीचा आवाज आला. लातूरच्या घरातली मधली खोली, पंख्याची करकर. मग बांगड्या वाजल्या, आणि कमलम्मा दचकली, कारण बोलत होती ती स्वतःच. "घे गं माय, लाडू घे. गुळाचा हाय." थोडी शांतता. मग एक आवाज आला, जाडसर, भिंतीपलीकडून ढकलत आणल्यासारखा, आणि अगदी स्पष्ट.

"नको."

"बरं, नको तर नको," यंत्रातली कमलम्मा म्हणाली, आणि तिची पावलं लांब गेली. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नव्हतं, आणि मग अंजूचं रडणं.

"हे कवाचं?" कमलम्मानं विचारलं.

"गेल्या वर्षीच्या श्रावणातलं. तिचा पहिला शब्द."

"मला म्हनली?"

"तुम्हाला. रोज सांगत होते मी, आत्या, शिकवताना मधे येत जाऊ नका, दोघी बोललो की त्यांना नीट ऐकू येत नाही. तुम्ही रोज यायचा, रोज बोलायचा. ती नको म्हणाली, तुम्ही ऐकलं आणि ताट घेऊन गेला. आपण बोललो की समोरचं माणूस ऐकतं, हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून थांबलीच नाही."

"तू तर म्हनलीस, वर्गात बोलली."

अंजूनं बाणावरचा हात काढला. "चार वर्षं मी शिकवलं, आणि ती बोलली तुमच्याशी. मला सांगवलं नाही. आणि तुम्हाला आठ दिवस म्हणून ऐकवलं. माझं तर वर्ष झालं, आत्या."

सौदामिनी उठली आणि काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत गेली.

कमलम्मा स्टूल ओढत टेबलाशी आली. सुनेच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला, तो तिनं मागं घेतला नाही. पदराखालचे हात बाहेर काढून तिनं ते टेबलावर ठेवले.

"परत लाव," ती म्हणाली. "मी लक्ष दिलं नव्हतं तवा."

अंजूनं परत लावलं.